ह्या जाळीला मलम नाही

जानेवारीतली सकाळ. दुकानाचं शटर अर्धं वर केलं तोच सत्तरी तालुक्यातली एक काकी पायरीवर येऊन उभी राहिली. तिने साडीचा काठ वीतभर वर घेतला आणि नडगी दाखवली. "पळय रे बाबा, हें कितें जालां." गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत तपकिरी-जांभळट रेघांची जाळी उमटली होती. रापणीचं जाळं वाळूवर सुकत घालावं तशी. गोलसर घरं, त्यांच्या कडा गडद, मधली कातडी नेहमीच्या रंगाची. खाज नाही, दुखणं नाही, फोड नाही. "ह्याला कसलं मलम लावायचं तेवढं दे," ती म्हणाली.

गोव्यात डिचोलीच्या बाजारात औषधांचं दुकान चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली. अशी जाळी घेऊन दर हिवाळ्यात कोणी ना कोणी येतंच. कधी पोटरीवर, कधी दंडावर, कधी आईच्या मोबाइलमधल्या फोटोत, आंघोळीनंतरच्या बाळाच्या पोटावर. प्रत्येकाला हवं असतं मलम. ते देणं मला सगळ्यात सोपं. खोक्यातून एक ट्यूब काढली की काम झालं. पण मी देत नाही, कारण ह्या जाळीला मलम नाही. बहुतेक वेळा तो रंग कातडीचा नसतोच, कातडीखाली रेंगाळलेल्या रक्ताचा असतो. तो तिथे का रेंगाळला हे कळलं, की कुठली जाळी विसरून जायची आणि कुठल्या जाळीसाठी थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायचं, ह्याचा बराचसा अंदाज घरबसल्या येतो.

डाग सोडून जाळीच का उमटते?

डॉक्टरी भाषेत हिला लिव्हेडो रेटिक्युलारिस म्हणतात. पहिल्या शब्दात निळसर काळवंडलेपण आहे, दुसऱ्यात जाळं. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा ह्यांनी १८६८ साली हे नाव दिलं. ते एकदा वाचून ठेवा, कारण डॉक्टरांच्या कागदावर तेच दिसेल. इथून पुढे मी नुसतं जाळी म्हणेन.

डोंगराच्या उतारावरून खालची वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची शेतं पाहिलीत ना? लहान लहान कुणगे, म्हणजे बांध घातलेले तुकडे, एकमेकांना चिकटलेले असतात. आता अशी कल्पना करा की प्रत्येक कुणग्याच्या मधोमध जमिनीतून पाणी वर येतं, चहूकडे पसरतं, आणि दोन कुणग्यांच्या मधल्या चरातून वाहून जातं. पाण्याला जोर असेल तर चरातलं पाणीही स्वच्छ आणि वाहतं राहतं. वरून बघणाऱ्याला सगळं शेत एकाच रंगाचं दिसतं. पाण्याचा जोर कमी झाला किंवा चर तुंबला, की मधला भाग तसाच राहतो आणि चरांतलं पाणी साचून काळपट होतं. मग डोंगरावरून नेमके चर दिसू लागतात, आणि चर दिसले की जाळी दिसली.

कातडीची रचनाही अशीच आहे. खालच्या चरबीच्या थरातून बारीक धमन्या सरळ वर येतात आणि छत्रीसारख्या पसरतात. एकेका धमनीच्या वाट्याला साधारण १ ते ३ सेंटिमीटर रुंदीचा गोल तुकडा येतो. ताजं, लाल रक्त आधी मध्यभागी पोचतं. प्राणवायू देऊन झालेलं रक्त कडांकडच्या शिरांत जमतं आणि तिथून परत फिरतं. प्रवाह मंदावला की कडांवरचं रक्त जास्त वेळ थांबतं, त्यातला प्राणवायू आणखी कमी होतो, आणि ते गडद दिसतं. म्हणून जाळीच्या रेघा जांभळ्या आणि घरं फिकी.

प्रवाह मंदावायला कारणं मात्र अनेक. थंडीने धमनी आवळली, गुठळीने किंवा चरबीच्या कणाने ती बुजली, तिची भिंत सुजली, रक्तच दाट झालं, किंवा कडांच्या शिरा फुगल्या. ह्यातलं काहीही झालं तरी वरून दिसणारं चित्र जवळपास एकच. म्हणूनच नुसता फोटो पाठवून "हे काय आहे?" असं विचारण्यात फारसा अर्थ नाही. "हे कशामुळे झालं?" हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर शोधायला कातडीच्या पलीकडे पाहावं लागतं.

बाळाच्या अंगावरची जाळी

सगळ्यात जास्त घाबरतात ती बाळंतिणीच्या घरची माणसं. बाळाला न्हाऊ घालून पाटावर घेतलं, पंखा चालू राहिला, आणि बघता बघता पोट, मांड्या, दंड जाळीने भरले. आजी म्हणते दिश्ट लागली.

बाळाचं अंग लहान असतं, ओल्या कातडीतून ऊब झपाट्याने निघून जाते आणि रक्तवाहिन्या आवळण्या-सोडण्याची यंत्रणा अजून शिकाऊ असते. गार लागताच ती वरच्या धमन्या घट्ट आवळते. देवळातल्या संगमरवरी फरशीवर शिरा दिसतात तसं अंग दिसतं, आणि वैद्यकातलं त्याचं नावही संगमरवरावरूनच पडलं आहे. दिश्ट काढायची तर जरूर काढा, पण आधी अंग कोरडं करा, टोपडं घाला आणि बाळाला छातीशी घ्या. आईच्या अंगाच्या उबेने काही मिनिटांत जाळी विरते. बहुतेक मुलांत पहिल्या काही महिन्यांनंतर ती दिसेनाशीच होते.

जाळी दिसली म्हणून भिऊ नका, पण ती जाते का हे बघा. बाळ उबेत आहे, तरी जाळी तशीच आहे, ते मलूल आहे, दूध ओढत नाही, ताप आहे किंवा अंग गार पडलंय, श्वास भरभर चालतोय, तर ही आंघोळीची जाळी नव्हे. रक्तात जंतुसंसर्ग पसरत असेल तर लहान बाळात तो असाही दिसतो. अशा वेळी सकाळ होण्याची वाट बघायची नाही, लगेच १०८ ला फोन करायचा. आणि जन्मापासून एकाच हाता-पायावर जाळी आहे आणि उबेनेही ती हलत नाही, असं असेल तर तो रक्तवाहिन्यांचा एक जन्मजात, विरळा प्रकार असू शकतो. त्याला घाई नाही, पण बालरोगतज्ज्ञांना एकदा जरूर दाखवावं.

पण गोव्यात कुठली एवढी थंडी?

हा प्रश्न मला हमखास विचारतात. पणजीत जानेवारीच्या पहाटे पारा फार तर २० अंशांच्या आसपास उतरतो. बर्फाच्या देशातल्या आजाराचं आपल्याला काय, असं वाटणं साहजिक आहे.

कातडी तापमानाचा आकडा वाचत नाही, तिला फरक कळतो. वर्षभर तीस-बत्तीस अंशांत राहिलेल्या माणसाला वीस अंशही झोंबतात. बाहेर घाम गाळून १८ अंशांवर ठेवलेल्या एसीखाली आठ तास बसलं की पायाच्या धमन्यांना तो हिवाळाच. बँकेत, कॉल सेंटरमध्ये, मॉलमधल्या काउंटरवर काम करणाऱ्या मुली ही तक्रार सांगतात तेव्हा मी आधी एसीची दिशा विचारतो. तरुण बायकांत ही साधी जाळी जास्त दिसते.

ओळखायची रीत अगदी सोपी. उबदार खोलीत या, मोजे घाला, पंधरा-वीस मिनिटं चालून या आणि मग पाहा. दोन्ही पायांवर सारखीच होती, घरं पुरी गोल होती, आणि उबेने गेली, तर तिला काही करायचं नाही. पायात मोजे ठेवा, सिगारेट ओढत असाल तर सोडा, कारण निकोटीन ह्याच धमन्या आवळतं. बस्स.

ऊब म्हणजे कपड्यांची आणि चालण्याची ऊब. ह्यावर मी मुद्दाम जोर देतोय, कारण पुढची गोष्ट.

शेक घेऊ नका

त्या सत्तरीच्या काकीला मी मोजे-चालण्याचं सांगितलं. ती म्हणाली, "जात नाही. सकाळी असते, दुपारी असते, तशीच असते." मग मी हाताने नडगी चाचपली. रेघा जांभळ्या कमी आणि तपकिरी जास्त होत्या. बोटाने दाबून सोडलं तरी फिक्या होत नव्हत्या. डाव्या पायावर ठळक, उजव्यावर पुसट. म्हटलं, "काकी, सकाळी चुलीशी कशी बसतेस?" तिने दाखवलं. पाटावर, डावा पाय पुढे. नारळाच्या सोडणांच्या जाळाशी, न्हाणीचं पाणी तापेपर्यंत, वर्षानुवर्षं. आणि संध्याकाळी गुडघा दुखतो म्हणून रबराची गरम पाण्याची पिशवी, तीही त्याच पायाला.

हिची जाळी शेकाने आलेली. भाजण्याइतकी नाही, पण साधारण ४३ ते ४७ अंशांची ऊब त्याच जागेवर पुन्हा पुन्हा लागली, की वरच्या शिरांच्या जाळ्याला आणि आजूबाजूच्या तंतूंना हळूहळू इजा होते, आणि शिरांच्या नक्षीबरहुकूम रंग साठत जातो. म्हणजे इथे रेंगाळलेल्या रक्तापासून सुरुवात होते आणि शेवटी रंग खरोखर कातडीत मुरतो. डॉक्टर ह्याला एरिथेमा अब इग्ने म्हणतात, अर्थ आगीमुळे आलेली लाली. काश्मीरमध्ये फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर हीच जाळी येते, आणि फार वर्षांनी काहींच्या त्या जागी कातडीचा कर्करोग झाल्याचं तिथले डॉक्टर कित्येक पिढ्या पाहत आले आहेत. गेल्या वीसेक वर्षांत तीच नक्षी मांडीवर लॅपटॉप ठेवणाऱ्या मुलांच्या मांडीवर दिसू लागली.

आपल्याकडे कोण कोण आगीशी बसतं ते आठवून बघा. काजूच्या मोसमात भट्टीसमोर जागणारे, पाव भाजताना भट्टीच्या तोंडाशी उभे राहणारे पोदेर, घरात चूल असलेल्या म्हाताऱ्या बायका, बाजेखाली शेगडी ठेवून शेक घेणाऱ्या बाळंतिणी, आणि कंबर दुखते म्हणून रोज रात्री गरम पिशवी घेऊन झोपणारी शेकडो माणसं. पिशवी मीच विकतो. विकताना आता सांगतो, की फडक्यात गुंडाळल्याशिवाय लावू नका, पंधरा मिनिटांवर ठेवू नका आणि लावून झोपू नका.

इथे गोव्यासाठी एक गोष्ट जास्तच महत्त्वाची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू जाते. अशा माणसाला पिशवी किती तापलीय ते कळतच नाही. जाळीच्या पायरीवर तो थांबत नाही, थेट भाजतो, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. घरात कुणाला साखर असेल तर गार पायांवर मोजे, पांघरूण, हाताने चोळणं एवढंच. शेक नको.

काकीची पिशवी मी बंद करायला लावली आणि बसायचा पाट हातभर मागे सरकवायला सांगितला. नवी जाळी असेल तर काही महिन्यांत फिकी होते. तिची जुनी, पुरी जाईल असं मी म्हटलं नाही. पण त्या जागी कातडी जाड, खरखरीत झाली किंवा न भरणारा फोड आला, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं, हे तिच्या सुनेला बोलावून सांगितलं.

फाटलेलं जाळं

आता ज्या जाळीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती.

काही वर्षांपूर्वी एक तरुणी आली. तिशीच्या आतली. बहिणीचं लग्न होतं, दंडावरचे "डाग" झाकायला गोरं करणारं क्रीम हवं होतं. बाही वर केली तेव्हा दिसलं, डाग नव्हते, जाळी होती. पण नीट जाळीही नव्हती. घरं अर्धवट, रेघा मध्येच तुटलेल्या, फांद्या फुटाव्यात तशा वेड्यावाकड्या. उजवा दंड भरलेला, डावा जवळपास मोकळा. आणि महिना मे होता. दुकानात पंखा असूनही आम्ही दोघं घामाने भिजलो होतो. मे महिन्यात थंडीची जाळी कशी येईल?

क्रीम देण्याआधी मी बायकांना विचारतोच, दिवस आहेत का म्हणून. तिचा चेहरा उतरला. दोनदा राहिले होते, दोन्ही वेळा चौथा महिना उलटल्यावर गेले. दंड एका डॉक्टरांना दाखवले होते, त्यांनी थंडीने होतं म्हणून सांगितलं होतं. गर्भपाताचे उपचार दुसरीकडे चालले होते. पोट तपासणाऱ्यांनी दंड पाहिले नव्हते, आणि दंड पाहणाऱ्यांनी पोटाचं विचारलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही, तिला काय झालंय हे सांगायचा मला अधिकार नाही. एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या, उन्हाळ्यातही न जाणारी तुटक जाळी आणि दोन गर्भपात, आणि म्हटलं, "वहिनी, ह्या दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांना एकाच वेळी सांग."

अशा तुटक, एका बाजूला जास्त असलेल्या, उबेने न जाणाऱ्या जाळीला वेगळं नाव आहे, लिव्हेडो रासेमोसा. अखंड जाळं आणि फाटलेलं जाळं, असा फरक मी मनाशी ठेवलाय. अखंड जाळं म्हणजे सगळीकडचा प्रवाह सारखाच मंदावला, उदाहरणार्थ थंडीने. फाटलेलं जाळं म्हणजे काही धमन्या बुजल्या आणि शेजारच्या चालू राहिल्या. म्हणजे आत कुठेतरी अडथळा आहे. इंग्लंडमधले त्वचारोगतज्ज्ञ इयान स्नेडन ह्यांनी १९६५ साली असे सहा रुग्ण नोंदवले. अंगावर अशी जाळी आणि त्याच माणसांना अर्धांगवायूचे झटके. पुढे १९८३ साली लंडनच्या ग्रॅहम ह्यूज ह्यांनी एक आजार नीट मांडून दाखवला. त्यात शरीर स्वतःच अशी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बनवतं, ज्यांनी रक्ताच्या गुठळ्या होऊ लागतात. पायाच्या शिरेत गुठळी, तरुण वयात पक्षाघात, आणि वारेत (गर्भाला पोसणाऱ्या नाळेच्या मुळाशी) गुठळ्या होऊन पुन्हा पुन्हा गर्भपात. ह्याला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. युरोपातल्या अशा १००० रुग्णांच्या पाहणीत जवळपास चौथाई लोकांच्या अंगावर जाळी होती.

उलटं खरं नाही, हेही तितक्याच जोराने सांगतो. जाळी असलेल्या बहुतेकांना हा आजार नसतो. पण तुटक जाळी आणि गर्भपात, किंवा तुटक जाळी आणि कधी काळी आलेली गुठळी, बोलण्यातला अडखळा, चेहऱ्याचा वाकडेपणा, अशी जोडी जमली तर रक्ताची तपासणी व्हायलाच हवी. ती एकदा करून भागत नाही. साध्या तापानेही ही प्रतिपिंडं काही काळ वाढू शकतात, म्हणून निदान १२ आठवड्यांनी पुन्हा करतात, आणि दोन्ही वेळा सापडली तरच निदान पक्कं धरतात.

वहिनीच्या तपासण्या दोन्ही वेळा तशाच आल्या. पुढच्या खेपेला दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी कमी ताकदीची अ‍ॅस्पिरिन आणि रोज पोटावर टोचायचं, गुठळी रोखणारं हेपॅरिनचं इंजेक्शन सुरू केलं. इंजेक्शनं न्यायला ती माझ्याकडेच येई. पहिल्या आठवड्यात तिच्या पोटावर करवंदाएवढे काळेनिळे डाग पडले होते; जागा बदलत कसं टोचायचं ते नर्सने दाखवल्यावर कमी झाले. ते बाळंतपण नऊ महिने पुरे करून झालं. दंडावरची जाळी अजून आहे. तिच्याबद्दल ती आता विचारत नाही.

आधी गोळ्यांची पिशवी पाहा

निवृत्त मास्तर आहेत एक, कंपवाताचे (पार्किन्सनचे) रुग्ण. त्यांच्या दोन्ही पायांवर गडद जाळी आणि घोट्यांना सूज. मुलगा घाबरून आला, मी कागद पाहिला, अ‍ॅमँटाडिनचा डोस महिन्याभरापूर्वी वाढवलेला. हे औषध मुळात फ्लूवर वापरलं जायचं, कंपवातावर त्याचा उपयोग नंतर ध्यानात आला, आणि पायांवर जाळी आणणं हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. दिसायला भयंकर, पण सहसा निरुपद्रवी. मुलाने गोळी त्याच दिवशी थांबवायची तयारी केली होती. तसं करायचं नाही. ही गोळी एकदम बंद केली की अंग ताठरून माणूस अंथरुणाला खिळू शकतो. डॉक्टरांना विचारूनच कमी करायची.

दुसरी गोष्ट हृदयरोग्यांच्या घरासाठी. अँजिओग्राफी झाल्यावर, किंवा मोठ्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेनंतर, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांवर जाळी आली आणि एखाद-दुसरं बोट निळं पडून दुखू लागलं, तर धमनीच्या भिंतीवरचे कोलेस्टेरॉलचे कण सुटून खाली जाऊन अडकलेले असू शकतात. पायाची नाडी हाताला नीट लागते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. त्याच कणांनी मूत्रपिंडं बिघडू शकतात. हे विरळा आहे, पण झालं तर त्याच दिवशी दाखवायचं.

सावळ्या कातडीवर ती दिसणार कशी?

हा प्रश्न कुणी सहसा विचारत नाही, पण विचारायला हवा. पुस्तकांत आणि मोबाइलवर जाळीचे जे फोटो मिळतात ते बहुतेक गोऱ्या माणसांचे, त्यात रेघा गुलाबी-जांभळ्या. आपल्या कातडीवर त्या राखाडी, तपकिरी, कधी नुसत्या मळकट दिसतात. ट्यूबलाइटखाली तर दिसतच नाहीत. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बघा. मांडीच्या आतल्या बाजूला, दंडाच्या मागे, जिथे ऊन कमी लागतं तिथे लवकर कळते. न्हाताना मळ समजून दगडाने घासून घासून सोलवटून आलेले पायही मी पाहिले आहेत.

कुष्ठ तर नाही ना?

ही शंका हळू आवाजात येते. कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथली संवेदना कमी झालेली असते. कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही. जाळीत सहसा स्पर्श शाबूत असतो. कोडात रंग पुरता जाऊन पांढरं होतं. दोन्ही वेगळे. तरी शंका असेल तर बांबोळीच्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, त्वचा विभागात दाखवून मन मोकळं करा. कुष्ठावर औषध आहे, ते फुकट मिळतं आणि आजार बरा होतो.

मग रक्त पातळ करणारी गोळी घेऊन टाकू?

नको. हृदयरोगी शेजाऱ्याकडून मागून आणलेली अ‍ॅस्पिरिन थंडीच्या जाळीला काही करत नाही, आणि पावसाळ्यात डेंग्यू असला तर त्याच गोळीने रक्तस्राव होऊ शकतो. डेंग्यू उतरताना अंगावर लाल पुरळ येऊन मध्ये मध्ये पांढरी बेटं राहतात, तीही लोकांना जाळी वाटते. ती सहसा बरं होण्याच्या वाटेवरची असते. पण ताप उतरत असताना हातपाय गार, चट्टेरी पडले आणि माणूस बेचैन झाला, तर ते सगळ्यात धोक्याचं वळण.

ज्या जाळीसाठी थांबायचं नाही

ताप, धाप, भ्रम, लघवी कमी, आणि गुडघ्यांभोवती उमटलेली जांभळी जाळी. संसर्ग रक्तात पसरून रक्तदाब ढासळतो तेव्हा शरीर कातडीचं रक्त काढून हृदय-मेंदूकडे वळवतं. अतिदक्षता विभागातले डॉक्टर गुडघ्यावरची ही जाळी कुठवर पसरली ते मोजतात. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०११ साली तिच्यासाठी ० ते ५ अशी मोजपट्टीच केली. जितकी वर चढलेली, तितकी परिस्थिती गंभीर.

काचेचा पेला दाबून बघा. साधी जाळी दाबल्यावर फिकी होते. जांभळ्या रेघा किंवा ठिपके काचेखालीही तसेच दिसत असतील आणि ते नव्याने आले असतील, तर रक्त वाहिनीबाहेर आलंय. सोबत ताप असेल तर लगेच निघायचं. जाळीत फोड, काळे पडलेले भाग, घोट्याजवळ अतिशय दुखणाऱ्या जखमा, डायलिसिसवरच्या माणसाला अशी दुखरी जाळी, अचानक एकच पाय गार आणि फिका, ह्यांतल्या कशालाही मलम मागायला दुकानात यायचं नाही.

आणि एक फार नाजूक प्रसंग. शेवटच्या दिवसांत असलेल्या माणसाच्या पावलांवर, गुडघ्यांवर अशीच जाळी येते. घरची माणसं माझ्याकडे गरम पिशवी घ्यायला धावतात. त्या वेळी त्या पायांना चटका कळत नसतो. मऊ चादर घाला, पाय हातात धरून बसा.

डॉक्टरांकडे जाताना

दिवसाच्या उजेडात दोन फोटो काढा, एक जाळी असतानाचा, एक ऊब घेऊन अर्ध्या तासाने त्याच जागेचा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. कुठल्या महिन्यापासून आहे आणि उन्हाळ्यात जाते का ते लिहा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक धरून, पिशवीत घालून न्या. गर्भपात, गुठळी, पक्षाघात, सांधेदुखी, डायलिसिस, अँजिओग्राफी ह्यांतलं काही झालं असेल तर विचारायची वाट न बघता आधी सांगा. कातडीचा तुकडा काढायला सांगितला आणि डॉक्टर जांभळ्या रेघेऐवजी मधल्या फिक्या भागावर सुई ठेवू लागले तर चुकले असं समजू नका. बुजलेली धमनी त्या मधल्या भागाखालीच असते.